उजव्या बाजूची दाढ

शिवलीलाला राग आला की ती दातओठ खायची, आणि गेले तीन आठवडे तेवढीही सोय उरली नव्हती. दातावर दात टेकला रे टेकला की उजवीकडच्या खालच्या दाढेतून कळ निघायची ती थेट कानापर्यंत. डोळ्यांत टचकन पाणी यायचं. त्यामुळे राग बाहेर न पडता आतल्या आत साठत होता. आणि शिवलीलाचा राग काही साठवून ठेवण्यातला नव्हता. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या तिच्या गल्लीत दूधवाल्यापासून वीजबिल टाकणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी तो एकदा तरी चाखला होता.

दाढ किडली होती हे खरं. दिवाळीत करंजी खाल्ली आणि ठणका लागला. मुलगा प्रभु चिंचोळीच्या कारखान्यात कामाला, त्यानंच सात रस्त्याजवळचा नवा दवाखाना शोधून काढला. "अव्वा, एसी हाय तितं. मशिनी सगळ्या नव्या हायत," म्हणाला. मशिनी नव्या होत्या, डॉक्टरही नवाच होता. इंद्रजीत नाव त्याचं. प्रभुपेक्षा दोन वर्षांनी लहानच असेल. त्यानं इंजेक्शन दिलं, दाढ कोरली, सिमेंट भरलं, निळ्या दिव्यानं वाळवलं आणि अर्ध्या तासात मोकळं केलं. जाताना "आई, काळजी करू नका" असंही म्हणाला. तेव्हा शिवलीलाला तो पोरगा फार गुणाचा वाटला होता. स्वतःच्या या मताची तिला आता भयंकर लाज वाटत होती.

कारण दाढ दुखते म्हणून रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. दुखणं तिनं पुष्कळ पाहिलं होतं. पण ही दाढ तिची कामाची दाढ होती.

शिवलीला कडक भाकरी करायची. कडक भाकरी करणाऱ्या बायकांना सोलापुरात तोटा नाही, पण नव्या पेठेतला दुकानदार अकरा वर्षं शिवलीलाच्याच भाकरी घेत होता, आणि त्याचं कारण ही दाढ. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची, मग मंद आचेवर फडक्यानं दाबून दाबून तिच्यातली ओल काढायची. एक चवड झाली की तिच्यातली एक भाकरी उचलायची आणि मधोमध मोडून तिचा तुकडा उजव्या दाढेखाली धरायचा. कट्ट वाजलं तर चवड डब्यात. नाही वाजलं तर अख्खी चवड परत तव्यावर. हातानं मोडून बघणाऱ्या बायकांना शिवलीला हसायची. भाकरीची कड कधीच कडक होते, ओल राहते ती मधे, आणि बोटांना ती कळत नाही. दाढेला कळते. डावीकडच्या दाढा प्रभुच्या बाळंतपणानंतर एकेक करून गेल्या होत्या. उरली होती ती ही उजवी.

दाढ भरल्यावर आठवडाभर तिनं नाइलाजानं हातावर भरवसा ठेवला. दोन डबे नव्या पेठेत गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. भाकरी वातड झाल्या होत्या. दुकानदार भला माणूस, ओरडला नाही. "काकू, यावेळी जरा..." एवढंच म्हणाला आणि पुढचं गिळून टाकलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर शिवलीलानं दुप्पट परत केल्या असत्या. पण त्या "जरा"ला काय उत्तर देणार? लग्नसराईची मोठी ऑर्डर तोंडावर होती, आणि ती देण्याआधी एक डबा बघायला पाठवा, असा निरोप त्यानं धाडला. अकरा वर्षांत त्यानं डबा कधी बघायला मागितला नव्हता.

मग ती दवाखान्यात गेली. एकदा नाही, तीनदा गेली.

पहिल्या खेपेला डॉक्टरनं फोटो काढला आणि तो पडद्यावर दाखवला. "बघा आई, सगळं नॉर्मल आहे."

"फोटोला काय दुखत न्हाय की. मला दुखतंय. भरलेलं उंच झालंय, डॉक्टरसाहेब. तोंड मिटलं की ती एकटीच आदळती."

"मी पेपर लावून तपासलं होतं ना. तुम्हीच म्हणालात, बरंय."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच शिवलीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी तिला आडवं झोपवलेलं. अर्धं तोंड बधिर, ओठ कुणा दुसऱ्याचा आणून लावल्यासारखा. लेकाच्या वयाच्या माणसासमोर आ करून पडल्याची लाज ती वेगळीच. त्यानं निळ्या कागदाची पट्टी दातांत धरली आणि म्हणाला, चावा, कसं वाटतंय? पाहुण्याच्या घरी पोहे खावेत तसं ती बेतानं चावली आणि "बरंय" म्हणाली. भाकरी चावून बघितल्याशिवाय जिनं अकरा वर्षांत कधी बरी म्हटली नव्हती, ती बाई बधिर तोंडानं बरंय म्हणाली होती. याबद्दल स्वतःच्या श्रीमुखात द्यावी असं तिला वाटायचं, पण गालाला हात लावण्याचीही सोय नव्हती.

"नवीन फिलिंग आहे आई. आठ दिवसांत सवय होईल," डॉक्टर म्हणाला आणि एक टूथपेस्ट लिहून दिली.

दुसऱ्या खेपेला त्यानं तोंडात टॉर्च मारला आणि म्हणाला, सवय व्हायला काहींना पंधरा दिवस लागतात. काही पेशंट जास्त मनावर घेतात, असंही म्हणाला. मधे फोन केला तर बाहेर बसणारी मुलगी म्हणाली, "सरांनी सांगितलंय ना काकू, थांबा थोडं." आणि मंगळवारी, तिसऱ्या खेपेला, खुर्ची खाली-वर करणारं बटण दाबत, डॉक्टरनं सहज सांगून टाकलं, "मग आपण नस मारून टाकू. गुरुवारी अकराला या."

"नस मारल्यावर दुखणार न्हाय?"

"अजिबात नाही. दाताला मग काही कळतच नाही."

धीर द्यायला म्हणून तो हे बोलला. शिवलीला मात्र खुर्चीतून उठून उभी राहिली. दाताला काही कळतच नाही! ज्याला कळतं म्हणून तिच्या डब्याला नाव होतं, तोच दात हा डॉक्टर आंधळा करायला निघाला होता.

घरी आल्यावर तिनं सगळा राग स्वयंपाकघरात आणून ओतला. नवरा सिद्धप्पा एसटीतून निवृत्त झालेला, दुपारचा पेपर वाचत बसला होता. "नस मारू म्हणतोय तर मार म्हणावं की," तो म्हणाला. "दुखणं तरी जाईल."

"तुमच्या डोळ्यांत सुई घाला, मग दिसायचं दुखणं बी जाईल."

"सुम्ने कूड," सिद्धप्पा कानडीत पुटपुटला, म्हणजे गप्प बैस. एवढं बोलून त्यानं पेपर डोळ्यांसमोर धरला. छत्तीस वर्षांच्या संसारात त्याला हे एक चांगलं जमत होतं.

सूनबाई ऋतुजा परातीशी बसून थापत होती. बार्शीची पोर, लग्नाला दीड वर्ष झालेलं, हात हळूहळू बसत होता. थापता थापता मधेच थांबून तिनं उजवं मनगट चोळलं.

"काय झालं गं, चालव की," शिवलीला तव्यावरून नजर न काढता खेकसली. "तवा जळतोय."

"बरंय," म्हणून ऋतुजानं पुन्हा थापायला घेतलं.

मनगट दुखतं म्हणायची ती. नव्या पोरींचं असंच असतं, दीडशे भाकरी थापल्या की यांचे हात गळतात. शिवलीलानं तिला सांगितलं होतं काय सांगायचं ते. त्यात आणखी विचार करण्याजोगं तिला काही दिसलं नाही, आणि आत्ता तर तिच्या डोक्यात दाढेशिवाय दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

बुधवारी सकाळी नमुन्याचा डबा करायला बसल्या दोघी. पहिली चवड उतरली. शिवलीलानं तुकडा मोडला, जीव मुठीत धरून दाढेखाली नेला, आणि टेकवताच "आई गं" म्हणून थुंकून टाकला. दुसरा तुकडा पुढच्या दातांनी तोडला. त्यातून काही कळेना. मग उलथनं आपटलं तिनं. "मुडदा बसवला त्या डॉक्टरचा! उंच हाय, उंच हाय म्हणून बोंबलतीया मी, आन् हा मला म्हणतो मनावर घेता! मनावर! मन काय माझं दाढंत हाय व्हय?"

सिद्धप्पा पेपर घेऊन हळूच बाहेर ओट्यावर गेला.

ऋतुजानं थापत असलेल्या भाकरीवरून हात काढला. भाकरीवर तिची पाची बोटं उमटली होती. तिकडे बघत ती म्हणाली, "आत्ती, पिठावर चावून बघा की."

"आं?"

"उंच हाय म्हणता न्हवं? बोटं उठत्यात पिठावर, तसं दात बी उठतील. जो उंच हाय त्यो जास्ती उठंल."

शिवलीलाला हे पटायला एक क्षण लागला. मग तिनं मळलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा घेतला, दोन बोटांत दाबून चपटा केला, उजवीकडे धरला आणि कळ सोसून दात मिटले. काढून बघते तर काय, शेजारच्या दातांच्या नुसत्या पुसट खुणा. आणि मधोमध आरपार भोक.

ऋतुजानं ती चकती हातात घेतली आणि खिडकीकडे धरली. भोकातून उजेड आला.

"तुमी खरं बोलत हुता, आत्ती," ती म्हणाली.

तीन आठवड्यांत हे वाक्य कुणीही उच्चारलं नव्हतं. शिवलीलाला एकदम रडू फुटलं. ते दाढेमुळे नव्हतं हे दोघींनाही कळलं.

गुरुवारी अकराला ती सात रस्त्याच्या दवाखान्यात हजर झाली. पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला ताज्या पिठाचा गोळा. बाहेर पाच-सहा माणसं बसली होती. नंबर लागला तशी ती आत गेली आणि खुर्चीत टेकली. डॉक्टर इंजेक्शन भरत होता.

"ते खाली ठेवा," शिवलीला म्हणाली. "आधी हे बघा."

तिनं डबा उघडला. डॉक्टरनं आत डोकावून पाहिलं आणि हसला. "आई, जेवायला आणलंत की काय?"

"हसू नका. मी हसायला आले न्हाय."

तो खुर्ची मागे कलंडवायला लागला. "झोपणार न्हाय मी," ती म्हणाली. "बसून चावणार. झोपून कुणी भाकरी खातं व्हय?" डॉक्टरचा हात बटणावरच राहिला. शिवलीलानं चकती केली, दातांत धरली, आणि या वेळी ती पाहुण्याच्या घरचे पोहे चावली नाही. घरची कडक भाकरी चावावी तशी चावली. डोळ्यांतून पाणी गळालं ते तिनं तसंच गळू दिलं. चकती काढून तिनं त्याच्याच खुर्चीवरच्या दिव्यासमोर धरली.

डॉक्टर खुर्चीजवळ सरकला. त्यानं चकती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग काही न बोलता निळी पट्टी काढली. "आता यावर चावा. असंच. जोरात." ती चावली. त्यानं आरसा घातला. भरलेल्या दाढेवर एकच गडद निळा ठिपका बसला होता, बाकी दात कोरे.

"आई, थोडं उंच राहिलंय."

"थोडं?"

त्यानं दिवा जवळ ओढला. मशीन घेतलं, घर्र घर्र केलं, पट्टी लावली, पुन्हा घर्र केलं. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील. "आता मिटा."

शिवलीलानं भीत भीत दात मिटले. दात दातांवर बसले, सगळे एकदम, जसे पन्नास वर्षं बसत आले होते. मुका मार लागल्यासारखं थोडं ठसठसलं. पण कळ निघाली नाही.

आता खरं तर तिनं खूश व्हायला हवं होतं. पण दोन मिनिटं! दोन मिनिटांच्या कामाला यानं बावीस दिवस लावले होते, आणि वर नस मारायला निघाला होता. तुंबलेला राग आता वाट मोकळी झाल्यासारखा धावला.

"मी किती वेळा सांगितलं तुमाला? तीनदा आले. फोन केला ती गोष्ट निराळी. उंच हाय म्हणाले का न्हाय?"

"आई, पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणाला होता ना, बरंय म्हणून..."

"माझं तोंड बधिर कुणी केलं हुतं? तुमी! बधिर माणूस बरंयच म्हणणार की. त्याला काय कळतंय? मग शुद्धीवर आल्यावर वरडत हुते ते का न्हाय ऐकलं? फोटो बघितला, टॉर्च मारला, माझ्या तोंडाकडं का न्हाय बघितलं? सवय होईल! दुखण्याची सवय लावून घ्यायला आले हुते व्हय मी हितं?"

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरची पाच-सहा माणसं कान देऊन ऐकत होती, आणि त्यांतल्या एका म्हातारीनं तर "बरोबर हाय" म्हणून पुस्तीही जोडली. डॉक्टरचे कान लाल झाले. "चुकलं आई," तो म्हणाला. "दोन-तीन दिवस थोडं ठसठसेल, मग थांबेल. नाही थांबलं तर सरळ माझ्याकडे या, नंबर लावू नका." आवाज खरा वाटला. शिवलीलानं डबा बंद केला, पदर सावरला आणि बाहेर पडली. रिक्षात बसल्यावर तिला आणखी चार वाक्यं आठवली, ती बोलायची राहून गेल्याची हळहळ बाळीवेशीपर्यंत पुरली.

ती वाक्यं मग घरात कामाला आली. सिद्धप्पाला ओट्यावरच गाठून तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, डॉक्टरचा आवाज काढून, म्हातारीच्या "बरोबर हाय"सकट. स्वयंपाकघरात येऊन तिनं नमुन्याच्या चवडीतली भाकरी मोडली आणि तुकडा दाढेखाली धरला. कट्ट. थोडं ठसठसलं, पण वाजलं, आणि दाढेला कळलं.

"ऐकलं का गं? भोक दाखवलं तसा गप झाला! म्हणलं, माणूस दुखतंय दुखतंय म्हणून सांगतंय, तर ऐकून घ्यायला तुमच्या बापाचं काय जातंय? सवय होईल म्हणे! सवय!"

 ऋतुजा खाली मान घालून थापत होती. शिवलीलाची नजर परातीतल्या भाकरीवर गेली. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, वेडीवाकडी.

"आन् हे काय? असल्या भाकरी जाणार हायत व्हय नव्या पेठेत?"

"डाव्या हातानं थापतीया."

"डाव्या? का?"

"उजवा चालंना सकाळपासनं." ऋतुजानं हात उलटा करून परातीच्या काठावर ठेवला. अंगठ्याच्या खाली, मनगटापाशी, चांगलीच सूज होती. ती आजची नव्हती, कुणालाही दिसलं असतं.

"मग सांगायचं न्हाय?"

"सांगितलं की. गौरी-गणपतीत सांगितलं. दिवाळीत सांगितलं. परवा बी सांगितलं."

"परवा मी विचारलं तर तूच म्हणालीस बर..."

पुढचं अक्षर शिवलीलाच्या तोंडातून निघालं नाही. हे वाक्य तिचं नव्हतं. तासाभरापूर्वी दुसऱ्या कुणीतरी ते तिला ऐकवलं होतं, आणि त्याबद्दल तिनं भर दवाखान्यात त्याचे कान लाल केले होते. परवा तिनं विचारलं होतं खरं. तव्यावरून नजर न काढता, "काय झालं गं, चालव की" असं विचारलं होतं. अशा विचारण्यावर पोरगी बरंय म्हणणार नाही तर काय म्हणणार? आणि गौरीच्या वेळी ती काय म्हणाली होती तेही तिला शब्दनशब्द आठवलं.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. "बघू," म्हणून शिवलीलानं हात पुढे केला.

ऋतुजानं आपला हात मागं घेतला. "ऱ्हाऊ द्या, आत्ती," ती वर न बघता म्हणाली. "सवय व्हती म्हणला हुता तुमी."

आवाज चढलेला नव्हता, पण त्यात राग होता, गौरीपासूनचा, आणि तो शिवलीलाला बरोबर ओळखू आला. तिनं दातओठ खाल्ले. दाढ दुखली नाही, दात छान दातांवर बसले, पण हा राग काढायला समोर कुणी डॉक्टर नव्हता. 

तिनं गॅस बंद केला. परात ओढून भिंतीकडे सरकवली. मग ऋतुजाचा हात धरला, या वेळी ओढूनच धरला, आणि अंगठ्यापासून मनगटाकडे बोटबोट अंतरानं दाबत गेली. "हितं?" ऋतुजा गप्प. "हितं?" ऋतुजानं श्वास आत घेतला आणि डोळे मिटले.

"हितं," शिवलीला म्हणाली.

नव्या पेठेचा नमुना आज जाणार नव्हता. दुकानदार काय म्हणायचं ते म्हणेल. तिनं ओलं फडकं त्या सुजेवर गुंडाळलं, पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आणि नेहमीच्याच आवाजात ओरडली, "अहो, रिक्षा बघा! हाडाच्या दवाखान्यात जायचं हाय."

"आत्ता?" बाहेरून सिद्धप्पा.

"न्हाय, पुढच्या गौरीला!" मग ती ऋतुजाकडे वळली. "मी येणार हाय संगं. आन् ऐक. त्यानं विचारलं कसं वाटतंय, आन् तू बरंय म्हणालीस, तर बघ माझ्याशी गाठ हाय."